मदत हवी आहे: स्फिंक्समध्ये मराठी-कन्नड शीर्षकांचे दुवे सरकतात

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठीच्या स्टॉक सॉफ्टवेअरचं मॅन्युअल स्फिंक्समध्ये (साध्या मजकूर फायलींपासून वेबपानं बनवणारं साधन) आहे, मराठी आणि कन्नड. जुन्या पानांत दुवे हाताने लिहिलेत, शेवटी ‘#आयडी७’ असा अँकर (पानातल्या नेमक्या शीर्षकाचा पत्ता). स्फिंक्सच्या आतलं डॉकयुटिल्स शीर्षकावरून अँकर बनवताना देवनागरी-कन्नड अक्षरं गाळतं. उरतं काहीच नाही, म्हणून नुसतं ‘आयडी’ आणि क्रमांक देतं. मध्ये एक शीर्षक घातलं की पुढचे क्रमांक सरकतात. ‘भंगार नोंद’वर क्लिक करावं तर उघडते ‘साचा नोंद’! बिल्ड (पानं तयार करणारी प्रक्रिया) मात्र चकार शब्द काढत नाही, त्याच्या लेखी हाताने लिहिलेला दुवा म्हणजे साधा पत्ता.

इलाज ठाऊक आहे: शीर्षकाच्या वर रोमन लिपीत लेबल आणि दुव्यात ‘रेफ’ रोल (लेबलाच्या नावाने दुवा देणारी खूण). मग लेबल चुकलं की वॉर्निंग येते. ‘-डब्ल्यू’ (वॉर्निंगला चूक मानणारा पर्याय) लावलं तर बिल्ड नापासच. ऑटोसेक्शनलेबल (शीर्षकालाच लेबल मानणारं एक्स्टेन्शन) नको, शीर्षकाचा शब्द बदलला की दुवा तुटतो.

अडलंय ते इथे. दोन्ही भाषा एकाच प्रोजेक्टमध्ये, त्यामुळे तेच लेबल दोनदा आलं की डुप्लिकेट ठरतं. लेबलांना भाषेचा उपसर्ग लावावा, की कन्नड मजकूर सरळ पीओ फायलींत (भाषांतराच्या वेगळ्या फायली) न्यावा? आणि बिल्ड झालेल्या पानांतून जुना आयडी व त्याचं शीर्षक अशी जोडी काढणारी पायथन स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?