ड्रायर २००० वॅटचा कशाला? आपल्या घरात १२०० पुरे

उदगीरची बाई
माझे केस कंबरेपर्यंत, दाट. शाळा सकाळी सातची. नळाला पाणी सुटेल त्याच दिवशी डोकं धुणं, म्हणजे ओले केस तसेच बांधून एसटी धरायची आणि शाळेत पोचेस्तोवर ब्लाऊजची पाठ ओलीचिंब. हिवाळ्यात मान धरायची ती वेगळीच. म्हणून ड्रायर घेतला. मोठा तो चांगला असं वाटून २००० वॅटचा, वर ‘आयॉनिक’ लिहिलेला. महिन्याभरात बेडरूमच्या सॉकेटातून जळका वास यायला लागला. प्लग ओढून काढला तर एक पिन तपकिरी आणि सॉकेटचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं. तेव्हापासून नणंदेचा १२०० वॅटचा वापरते.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडं हाच घ्यावा. पैसे वॅटला देऊ नयेत. घट्ट बसणारं चपटं नोझल, उष्णता आणि वेग यांची वेगवेगळी बटणं आणि गार हवेचं बटण, हे बघून घ्यावा. आयॉनिकमुळं हिवाळ्यात केस कंगव्यामागं उडतात ते कमी होतं, त्यापलीकडं मला फरक दिसला नाही.

बाकी सगळं हातात आहे. केस टॉवेलनं घासायचे नाहीत, जुन्या सुती पंचात दाबून गुंडाळून ठेवायचे. तेवढ्यात माझा डबा होतो. मग नोझल न लावता, डोकं खाली करून मुळं वाळवायची. केस बारा आणे वाळले की नोझल लावायचं, चार भाग करून क्लिपा लावायच्या, मानेकडचा भाग आधी घ्यायचा. गोल ब्रश मुळाशी घालून बट ताणून धरायची आणि हवा कायम मुळाकडून टोकाकडं सोडायची. केसावरचे खवले टोकाकडं मिटतात. उलटी हवा मारली की ते उभे राहतात आणि सगळं डोकं पिंजारतं.

नांदेडची पार्लरवाली
ताई, पद्धत एकदम बरोबर सांगितलीत, पण १२०० वॅटचं मला अजिबात पटत नाही. अठरा वर्षं वजिराबादला पार्लर चालवते, हेच बघत आले. छोट्या ड्रायरची हवा कमी. केस वाळत नाहीत म्हणून बाई ड्रायर जवळ जवळ नेत राहते आणि नकळत दोन बोटांवर धरते. केस जळतात ते तिथं.

कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली हे मोजून दाखवलं आहे. १५ सेंटिमीटरवर केसांना ४७ अंश उष्णता लागली, १० सेंटिमीटरवर ६१, आणि ५ सेंटिमीटरवर ९५! म्हणजे धोका मशीनच्या आकड्यात नाही, अंतरात आहे. चांगली हवा फेकणारा मोठा ड्रायर लांब धरून, सारखा हलवत वापरला तर काम लवकर होतं आणि केसही वाचतात. दाट, लांब केसांना १८०० च्या खाली जाऊच नका.

गार हवा तेवढी कुणी टाळू नका. केस ओला झाला की आतले बंध सुटतात, आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात परत बांधले जातात. बट गरम असतानाच ब्रश काढला तर ती पडते. ब्रशवर असतानाच गार करून सोडा, दिवसभर टिकेल. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं पावसाळा सोडला तर सेटिंग मुंबईपेक्षा जास्त टिकतं.

परभणीची काकू
लेकींनो, रागावू नका, पण मला दोघींचंही पटत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं ४२ च्या वर पारा जातो, गच्चीवर उभं राहिलं की केस वाळतात. मग विजेवर पैसे कशाला घालायचे? माझी आई न्हाऊन झाल्यावर पंचानं केस झटकायची, उन्हाकडं पाठ करून गहू निवडत बसायची. पंच्याहत्तरीला तिची वेणी मनगटाएवढी होती.

खरं दुखणं पाण्यात आहे, ते कुणी बोलतच नाही. बोअरचं पाणी जड, शाम्पूला फेस येत नाही, केस धुतल्यावरही चिकट आणि राठ लागतात. त्या केसांवर कसलाही ड्रायर फिरवा, झाडूच होणार. शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे ओता आणि बघा. शिकेकाई लावली तर आणखी चांगलं, साबणाचा थर धरतो तसा तिचा धरत नाही.

नांदेडची पार्लरवाली
काकू, पाण्याचं शंभर टक्के खरं. मी गिऱ्हाईकाला हेच सांगते. उन्हाचं मात्र नाही पटत. कडक उन्हानं केसाचा रंग उतरतो आणि केस ठिसूळ होतो. आणि त्याच कोरियाच्या अभ्यासात आपोआप वाळू दिलेल्या केसांच्या आतल्या पडद्याला इजा दिसली, ती ड्रायरच्या केसांत दिसली नाही. वरच्या थराला गरम हवेनं त्रास झाला हे खरंच, पण केस तासन्‌तास ओला राहणंही चांगलं नाही.

बीडचा वायरमन
केसांतलं मला कळत नाही, सॉकेटचं कळतं. २००० ला २३० नं भागा, पावणेनऊ अँपिअर होतात. बेडरूमचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. बाईंचं सॉकेट वितळणारच होतं, ड्रायरचा त्यात दोष नाही. मोठा ड्रायर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायचा, मागं किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर पाहिजे. कन्व्हर्टर प्लग किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तर कधीच नाही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवरही नको.

दुसरी बाजूही सांगतो. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावात व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा २००० वॅटचा ड्रायर सव्वाबाराशेच देतो, आणि बाईंचा १२०० चा सव्वासातशेच्या आसपास. त्यात केस काय वाळणार? म्हणून लाईन कमजोर असेल तिथं पार्लरवाल्या ताईंचं बरोबर आहे. काकू, बिलाची काळजी करू नका; २००० चा पाव तास चालला तर अर्धा युनिट जातो.

अजून एक. माझ्याकडं बंद पडला म्हणून येणारे निम्मे ड्रायर बिघडलेलेच नसतात. मागच्या जाळीत केस आणि धुळीचा थर बसतो, हवा आत येत नाही, मग फार तापला की ड्रायर बंद करणारा आतला थर्मल स्विच पडतो. जुन्या टूथब्रशनं जाळी साफ केली की परत चालू.

उदगीरची बाई
भाऊ, सॉकेटचं मान्य. माझ्या घरातली चूक मी ड्रायरवर ढकलत होते.

पार्लरवाल्या ताईंचं वाचून आज सकाळी मुलाच्या कंपासमधली १५ सेंटिमीटरची पट्टी नोझलला टेकवून पाहिली. हात रोजच्या सवयीनं जिथं थांबतो तिथं मोजलं तर सहा सेंटिमीटर. मला हे माहीतच नव्हतं. मग पट्टीएवढं अंतर ठेवून पूर्ण केस वाळवले. एरवी चौदा मिनिटं लागतात, आज बावीस लागली, पण टोकं हाताला मऊ लागली. तरी २००० वर मी येणार नाही, तो जड असतो आणि पाठीमागचे केस करताना माझा खांदा भरून येतो. १६०० चा, वजनाला हलका मिळाला तर बघेन. काकू, शेवटचे दोन तांबे फिल्टरचे, हे उद्यापासून सुरू.

भाऊ, स्वयंपाकघरात १६ चं सॉकेट रिकामं आहे, पण ओट्याला लागून, सिंकपासून हातभर. तिथं लावला तर चालेल का?

बीडचा वायरमन
नको. ओले हात, ओला ओटा, तिथं ड्रायर धरायचाच नाही. मेन बोर्डापासून बेडरूमला वेगळी वायर ओढून घ्या, आरशाजवळ पॉइंट काढा. आणि बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच, आहे का ते आधी बघा, नसेल तर तो पहिला बसवा.

परभणीची काकू
बसव गं बाई ते. पण रविवारी शाळा नसते ना, त्या दिवशी तरी सकाळच्या कोवळ्या उन्हात बस. दुपारच्या नाही, एवढं या नांदेडच्या लेकीचं ऐकलं मी.