'एक टिक मारा, फी वाचवा' म्हणणाऱ्यांनो, परत आलेलं डेबिट कोण निस्तरणार?

जमाखर्च_वही
परवा एका महाशयांची पोस्ट वाचली. रिट्रीट सेंटरवाले, म्हणजे ध्यान-मौनासाठी राहायची सोय करणारे, कार्डाची फी उगाच भरत बसलेत, बुकिंग सॉफ्टवेअरच्या पेमेंट सेटिंगमध्ये जा, बँक डेबिटवर टिक मारा, कार्ड बंद करा, विषय संपला. खाली टाळ्याच टाळ्या. डोकंच फिरलं म्हणून हे एवढं लांबलचक.

फीचं गणित मला शिकवू नका. स्ट्राइपचा, म्हणजे पैसे वसूल करून देणाऱ्या प्रोसेसर कंपनीचा, अमेरिकेतला दर घ्या, कार्डाला २.९ टक्के अधिक ३० सेंट, एसीएच डेबिटला (अमेरिकेत थेट बँक खात्यातून पैसे काढायची पद्धत) ०.८ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५ डॉलर. म्हणजे हजार डॉलरच्या बुकिंगला २९.३० विरुद्ध ५. मान्य. पण कार्डात बँक तिथल्या तिथे हो-नाही सांगते. डेबिटात आपण नुसतं 'या खात्यातून काढा' म्हणून कळवतो आणि निकाल लागायला चार कामकाजाचे दिवस जाऊ शकतात. पैसे नसले तर आर०१, खातं बंद असलं तर आर०२, खातंच सापडलं नाही तर आर०३, असे कोड चिकटून प्रकरण परत येतं. तोवर आमच्या सॉफ्टवेअरने बुकिंगवर हिरवं 'पेड' लावलेलं असतं, कन्फर्मेशन मेल गेलेला असतो, खोली अडलेली असते आणि वेटिंगवरच्या माणसाला 'सॉरी, फुल्ल' कळवून झालेलं असतं.

आणि आपलं काम हॉटेलसारखं नाही हो. गुरुवारी पैसे 'भरले', शुक्रवारी पाहुणा आला, फोन लॉकरमध्ये जमा केला, मौन सुरू. मंगळवारी डेबिट परत. सिस्टम इमानेइतबारे त्याला मेल पाठवते की आपले पेमेंट अयशस्वी झाले आहे. फोन लॉकरमध्ये थरथरतोय आणि पाहुणा हॉलमध्ये डोळे मिटून बसलाय. आता काय करायचं, ध्यानाच्या मध्येच हातात चिठ्ठी सरकवायची?

बरं, पैसे आले तरी सुटका नाही. ग्राहकाचं वैयक्तिक खातं असेल तर 'मी परवानगी दिलीच नव्हती' म्हणायला त्याला ६० दिवस आहेत. आर१० येतो आणि पैसे जातात. तेव्हा एका टिकेवर निभावतं म्हणणाऱ्यांनी एकदा ऑफिसच्या खुर्चीत बसून बघावं.

टिकवाला
ते महाशय मीच. नाव न घेता झोडपायची पद्धत आवडली.

पहिलं म्हणजे 'कार्ड बंद करा' असं मी लिहिलंच नव्हतं, 'कार्ड मागे ठेवा' लिहिलं होतं. दुसरं, ६० दिवसांचा बाऊ करताय तर कार्डाच्या चार्जबॅकला, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत पैसे उलटे मागवायला, साधारण १२० दिवस असतात, ते सोयीस्कर विसरलात. तिसरं, मौनाची गोष्ट ऐकायला छान आहे पण गुरुवारी बुकिंग आणि शुक्रवारी हजर असे पाहुणे किती? आमच्याकडे लोक महिनोन्‌महिने आधी बुक करतात. चार दिवस काय, चाळीस दिवस लागले तरी काही बिघडत नाही. सेंटर देणग्यांवर चालतं, तिथे दर बुकिंगमागे पंचवीसेक डॉलर कार्ड कंपनीला वाहायचे याला तुम्ही सावधपणा म्हणा, मी आळस म्हणतो.

जमाखर्च_वही
'मागे ठेवा' म्हणे. स्क्रीनशॉट काढायची सवय नाही म्हणून वाचलात. चार्जबॅकचं म्हणाल तर तिथे पुरावा देऊन भांडता तरी येतं, सही केलेलं रद्दीकरण धोरण, चेक-इनची नोंद, सगळं जोडता येतं. स्ट्राइपवर एसीएचच्या डिस्प्यूटला अपील नाही. पैसे गेले की गेले, मग बसा पाहुण्याला पत्रं लिहीत.

वेबहूक_वैताग
मी असली सॉफ्टवेअरं लिहितो म्हणून मध्ये पडतो. दोघंही बँकेवरून भांडताय, घोळ सॉफ्टवेअरात आहे. बुकिंग पेजं बहुतेक कार्डाच्या जमान्यात लिहिलेली. 'चेकआउट सेशन कम्प्लीटेड' हा इव्हेंट, म्हणजे प्रोसेसरकडून येणारी सूचना, आला की पेड लावायचं आणि मेल सोडायचा. कार्डाला ते चालून जातं. डेबिटाला त्या इव्हेंटचा अर्थ एवढाच की पाहुण्याने फॉर्म भरला. पैशाचं खरं उत्तर नंतर येतं, 'असिंक पेमेंट सक्सीडेड' नाहीतर 'फेल्ड'. ते दोन इव्हेंट कोणी ऐकतच नाही. मग 'पेड' आणि 'अनपेड' यांच्यामध्ये 'प्रोसेसिंग' अशी तिसरी अवस्था लागते, आणि ती आणली की कॅलेंडर, वेटिंग लिस्ट, खोलीवाटप, रिपोर्ट सगळीकडे हात घालावा लागतो. म्हणून कोणी आणत नाही. टिक मात्र पहिल्या दिवसापासून सेटिंगमध्ये असते, कारण ती विक्रीच्या पानावर दिसते.

जाता जाता एक जास्त भयानक. पाहुण्याने रद्द केलं, तुम्ही भलेपणाने रिफंड पाठवला, तो वेगळा व्यवहार म्हणून निघाला. त्याच वेळी त्याने बँकेत जाऊन मूळ डेबिटावर हरकत घेतली. त्याला दोनदा पैसे, तुमच्या खात्यातून दोनदा वजा. हे होऊ शकतं, आणि ते थांबवणारं बटण नाही. मूळ डेबिट नीट वटेपर्यंत रिफंड दाबू नका, एवढंच हातात आहे.

फ्रंटडेस्क_ताई
अवस्था-बिवस्था तुमच्या तुम्ही बघा, आमचा खरा वैताग खातं तपासण्याचा आहे. डेबिट सुरू केलं तेव्हापासून पाहुण्यांचे निम्मे फोन एकाच गोष्टीवर, 'तुमची साइट माझ्या बँकेचा लॉगिन का मागतेय?' मी काय सांगू? वयस्कर मंडळी असतात, बिचारी घाबरतात. एका आजींनी तर मलाच विचारलं की बाळा, तुमचं सेंटर खरं आहे ना.

पासवर्ड_देणार_नाही
आजींना साष्टांग नमस्कार, त्या एकट्याच शहाण्या आहेत. चार दिवस शांत बसायला येणाऱ्या माणसाला दारातच बँकेची किल्ली मागायची आणि वर 'सुरक्षित आहे' म्हणायचं! मधल्या कंपन्यांना शिल्लक दिसते, व्यवहार दिसतात. प्लेड या असल्याच एका मधल्या कंपनीने अशाच माहितीच्या खटल्यात ५.८ कोटी डॉलरची तडजोड केलीय, उगाच नाही केली. खोली बुक करायला माझ्या पगाराची नोंद कशाला हवी कोणाला?

वेबहूक_वैताग
अर्धवट माहिती. आता मोठ्या बँकांत पाहुणा स्वतःच्या बँकेच्याच पानावर जाऊन लॉगिन करतो, मधल्याला पासवर्ड कळत नाही, फक्त परवानगीचं टोकन मिळतं. आणि ही तपासणी हौस म्हणून नाही. २०२१ च्या मार्चपासून 'नाचा'चा, म्हणजे एसीएचचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे की वेबवरून एखाद्या खात्यातून पहिल्यांदा डेबिट करताना ते खातं खरं आहे का हे तपासायलाच हवं. सेंटरने नाही तपासलं तर बोंब सेंटरच्या नावाने.

पासवर्ड_देणार_नाही
'मोठ्या बँकांत'. आणि छोट्या क्रेडिट युनियनवाल्यांनी काय करायचं? तिथे अजून पासवर्ड टाइप करायचाच चौकोन येतो. तुम्ही लोक नियमाचं नाव घेता, पण नियमात 'लॉगिन घ्या' असं कुठे लिहिलंय? मायक्रोडिपॉझिट आहे की. खात्यात काही सेंट टाका, पाहुणा स्टेटमेंट बघून आकडा किंवा कोड सांगेल.

फ्रंटडेस्क_ताई
भाऊ, तुम्ही कधी कोणाकडून मायक्रोडिपॉझिट करून घेतलंय का? एकदोन दिवसांनी ते सेंट येतात, तोवर पाहुणा विसरलेला असतो. मेल स्पॅममध्ये. मग फोन, 'तुम्ही मला एक सेंट का पाठवला?' मग मी समजावते, मग ते म्हणतात जाऊ दे, कार्डच घ्या. आणि राउटिंग नंबरची, म्हणजे बँकेच्या ओळखनंबराची, वेगळीच रड. काही बँकांचा वायरचा नंबर वेगळा आणि एसीएचचा वेगळा, लोक बँकेच्या साइटवर जो पहिला दिसेल तो ठोकतात.

टिकवाला
म्हणजे लॉगिन नको, मायक्रोडिपॉझिट नको, कार्डाची फी नको. चेक मागवूया का पोस्टाने? भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली या धाग्याची.

पासवर्ड_देणार_नाही
चेक मागवा, माझी हरकत नाही. चेकवर खातेनंबर असतो, पासवर्ड नसतो.

वेबहूक_वैताग
तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला एकाच कामाचे तीन-तीन रस्ते लिहावे लागतात. स्वतःच्या फोनवर शंभर ॲपना सगळ्या परवानग्या दिलेल्या असतील आणि इथे तत्त्वज्ञान.

पासवर्ड_देणार_नाही
माझ्या फोनवर काय आहे ते तुम्हाला कसं माहीत? की तेही टोकनमध्ये आलं?

युरोपातला_खजिनदार
जरा दम धरा रे. तुमच्या या लॉगिनच्या महाभारतात मूळ प्रश्न वाहून गेला. आमच्याकडे सेपा आहे, म्हणजे युरोपातली युरो देण्याघेण्याची सामाईक बँक व्यवस्था. पाहुणा आयबॅन (खातेनंबर) टाकतो, मँडेट (खात्यातून पैसे काढायची परवानगी) मान्य करतो, झालं. पण ६० दिवसांवर रडणाऱ्यांनी ऐका, सेपा कोअर या नेहमीच्या डेबिट योजनेत ८ आठवडे पाहुणा कारणसुद्धा न सांगता पैसे परत मागू शकतो, आणि मँडेटच नव्हतं म्हणाला तर १३ महिने. ब्रिटनच्या बॅक्स या डेबिट पद्धतीच्या गॅरंटीला तर मुदतच नाही, चूक झाली म्हटलं की बँक आधी परत देते. शिवाय आगाऊ सूचना. सेपात पैसे काढण्याआधी १४ दिवस कळवायचं, कमी हवे असतील तर तसं आधी ठरवून घ्यायचं. आमच्या सॉफ्टवेअरात ते आकडे बदलायची सोयच नव्हती, त्यामुळे उरलेली रक्कम निघायची ती पाहुणा घरी पोचल्यावर.

तरीही आम्ही डेबिट बंद केलं नाही, कारण हरकती जवळजवळ येतच नाहीत. ज्या आल्या त्या सगळ्या एका कारणाने. स्टेटमेंटवर सेंटरच्या नावाऐवजी मूळ ट्रस्टचं जुनं नोंदणीकृत नाव छापून यायचं, चार लांबलचक शब्द आणि तेही मध्येच तोडलेले. लोकांना वाटायचं हे कोण भामटे. स्टेटमेंटवर दिसणारं नाव बदललं आणि मँडेटच्या मेलमध्ये 'बँकेत हे नाव दिसेल' असं ठळक लिहिलं, तेव्हापासून शांतता आहे. ही सेटिंग टिकेच्या शेजारीच असते, पण तिच्याकडे कोण बघतो.

जमाखर्च_वही
नावाचा मुद्दा पटला. आमच्याकडेही तोच प्रकार असणार, बघतो. पण खजिनदार साहेब, तुमच्याकडे हरकती येत नाहीत म्हणून सगळ्यांकडे येणार नाहीत असं होत नाही. नाचाची विनापरवाना डेबिटांची मर्यादा ०.५ टक्के आहे, म्हणजे दोनशेत एक. लहान सेंटरची डेबिटंच मुळात कमी. दोन पाहुणे रुसले तरी आपण मर्यादेबाहेर, आणि मग प्रोसेसरचा मेल येतो तो काही प्रेमपत्र नसतो.

गटाची_गाडी
मी सेंटरवाली नाही, गट घेऊन जाणारी आहे, म्हणजे पलीकडच्या बाजूची. माझा प्रश्न, सगळे एकट्यादुकट्या पाहुण्याचंच का बोलताय? डेबिटाचा खरा फायदा आमच्यासारख्यांच्या बिलात आहे. वीस-तीस जणांचं एकत्र बिल, कार्डाने भरलं तर फीचा आकडा बघून चक्कर येते, आणि डेबिटाला तेच ५ डॉलर. शिवाय आम्ही संस्थेच्या खात्यातून भरतो. बिझनेस खात्यातून निघालेल्या डेबिटावर 'परवानगी नव्हती' म्हणायची मुदत ६० दिवस नसते, दोन बँकिंग दिवसांत आर२९ कोडाने परत पाठवायचं नाहीतर गप्प बसायचं. सेंटरसाठी हे किती बरं आहे!

एक खोच आहे. संस्थेच्या खात्याला बऱ्याचदा डेबिट ब्लॉक असतो, म्हणजे यादीत नसलेल्या कोणाचंही डेबिट बँक अडवते. आमच्या पहिल्याच हप्त्याला तो आडवा आला. सेंटरकडून मेल, 'आपण पेमेंट नाकारलेत'. मी कुठे नाकारलं? बँकेने परस्पर परत पाठवलं होतं. मग सेंटरकडून प्रोसेसरचा कंपनी आयडी (डेबिट कोण करतंय हे बँकेला सांगणारा नंबर) मागून घेतला, बँकेत यादीत घालून घेतला, पुढचे हप्ते सुरळीत. तो आयडी आधीच इनव्हॉइसवर छापा ना, एवढं साधं काम कोणी करत नाही.

टिकवाला
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय! गटांना डेबिट!

जमाखर्च_वही
पहिल्यापासून तुम्ही 'एक टिक मारा' म्हणत होता. गट हा शब्द त्या पोस्टमध्ये नव्हता.

बरं ते असू दे. गटाचं बिल आणि लांबच्या तारखेची उरलेली रक्कम, इथे डेबिट ठेवायला माझी ना नाही. ॲडव्हान्स मात्र कार्डानेच, कारण खोली त्यावर अडते. आणि मुक्काम दहा दिवसांच्या आत असेल तर डेबिटचा पर्याय पेजवर दिसायलाच नको. हा मी डेबिटाचा विजय मानत नाही.

टिकवाला
विजय तुम्हीच ठेवा, मला फीचे पैसे पुरेत. दहा दिवसांची अट ठीक आहे. जरा जास्तच भित्री आहे, पण ठीक. ती लावायची कुठे? आमच्या सॉफ्टवेअरात डेबिट एकतर सगळ्यांना दिसतं नाहीतर कोणालाच नाही.

वेबहूक_वैताग
तारखेवर अट असलेली सॉफ्टवेअरं कमीच. जुगाड सांगतो. बुकिंग पेजवर फक्त कार्ड ठेवा आणि उरलेल्या रकमेची वेगळी पेमेंट लिंक पाठवा, तिच्यावर डेबिट चालू. लिंकची मुदत मुक्कामाच्या दहा दिवस आधी संपवा. 'प्रोसेसिंग' असलेल्यांची यादी आठवड्यातून एकदा हाताने काढा. आणि परत आलेल्याचा मेल पाहुण्याबरोबर ऑफिसच्या पत्त्यावरही यायला हवा, ते तपासा. तो बहुतेकांकडे बंद असतो.

फ्रंटडेस्क_ताई
हाताने यादी कोण काढणार हे कोणी बोललं नाही, त्यावरून समजलं. लिंक मात्र बरी वाटतेय, निदान आजींना कार्डाचा रस्ता सरळ दिसेल. आमच्या पेमेंट लिंकला मुदत घालता येते का हे उद्या बघून सांगते.

पासवर्ड_देणार_नाही
त्या लिंकवर पुन्हा लॉगिनच मागणार ना?