खारबांधाचे पुढील पन्नास वर्षांतील खचणे: प्रयोगशाळेचा आकडा धरावा की प्लेटच्या नोंदी?

प्रश्न:
रायगड जिल्ह्यातील एका खाडीलगत दीड वर्षापूर्वी आम्ही ३ मीटर उंचीचा मातीचा खारबांध (खाडीचे खारे पाणी अडवणारा बांध) पूर्ण केला. त्याच्याखाली सुमारे ८ मीटर जाडीचा मऊ, काळपट चिकण गाळ असून खाली मुरूम लागतो. ईडोमीटर चाचणीवरून (प्रयोगशाळेत गाळाचा नमुना दाबून पाहण्याची चाचणी; संकोच निर्देशांक, म्हणजे गाळ किती दबतो त्याचे माप, ०.९; रिक्तता गुणोत्तर, म्हणजे पोकळ्या आणि घन कण यांच्या आकारमानांचे गुणोत्तर, २) एकूण सेटलमेंट (खचणे) १.२० मीटर आणि त्यातले आजपर्यंतचे ४२ सेंटीमीटर असे गणित निघाले होते. प्रत्यक्षात खचणे मोजण्यासाठी बांधाखाली ठेवलेली मधली प्लेट ५८ सेंटीमीटर दाखवते. याच नोंदी असाओका पद्धतीने (आतापर्यंतच्या नोंदींच्या आलेखावरून अंतिम खचणे काढण्याची पद्धत) मांडल्या, तर अंतिम आकडा ८५ सेंटीमीटरच येतो. उधाणाच्या भरतीवर माथा किती ठेवायचा हे यावरून ठरणार असल्याने कोणत्या आकड्यावर विसंबावे?

उत्तर १:
बांध किती लवकर खचतो आणि शेवटी किती खचेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि केवळ प्लेटच्या नोंदींवरून ते सुटे करता येत नाहीत. गाळात वाळूचे पातळ थर असतील, तर पाणी नमुन्यातल्यापेक्षा लवकर निघून जाते आणि खचणे नुसते अलीकडे येते. परंतु भाराखाली गाळ बाजूंना सरकत असेल, तर तेच ५८ सेंटीमीटर चिंतेचे आहेत. म्हणून गाळाच्या मध्यावर पिझोमीटर (गाळातल्या पाण्याचा दाब मोजणारे उपकरण) आणि गाळ बाजूला सरकतो का ते पाहण्यासाठी बांधाच्या पायथ्याशी खुंट्या हव्यात. पाण्याचा वाढीव दाब अजून निम्म्याहून अधिक शिल्लक असेल, तर १.२० मीटरच खरा मानावा. असाओकांची १९७८ सालची पद्धत उपयोगी आहे, पण कन्सॉलिडेशन (भाराखाली पाणी निघून गाळ दबणे) बरेच पुढे गेल्यावरच तिचा अंदाज स्थिरावतो. इतक्या लवकर ती बहुधा कमी आकडा देते, आणि मधल्या काळात भराव वाढवला असेल, तर त्याआधीच्या नोंदी त्या आलेखात घेऊच नयेत.

मुरुमाचीही खात्री करावी. त्यातून पाणी निघत असेल, तर निचऱ्याचा मार्ग ४ मीटर ठरतो आणि कन्सॉलिडेशन गुणांक (हे दबणे किती वेगाने होते त्याचे माप) वर्षाला १ चौरस मीटर धरल्यास नव्वद टक्के खचण्यास साडेतेरा वर्षे पुरतात. मुरूम चिकणमिश्रित आणि बंद असेल, तर मार्ग दुप्पट, म्हणून काळ चौपट, म्हणजे चोपन्न वर्षे.

उत्तर २:
यात दुय्यम संकोचही मिळवावा, कारण पाण्याचा दाब संपला तरी गाळ दबतच राहतो. सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या मऊ चिकणमातीत दुय्यम निर्देशांक संकोच निर्देशांकाच्या सुमारे ०.०४ पट असतो, त्यावरून तुमच्या गाळासाठी काळ दसपट होताना जवळपास १० सेंटीमीटर येतात. चौदाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत हे फक्त ५ सेंटीमीटर होते. तुमची खरी अनिश्चितता प्राथमिक, म्हणजे पाणी निघून जाताना होणाऱ्या खचण्यातच आहे.

खोलवरच्या थरांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, ते जपानच्या कान्साई विमानतळावर दिसते. तेथे बेटाखालच्या वरच्या मऊ चिकणमातीत वाळूचे निचरे घातले होते, पण त्याखालच्या जुन्या चिकणमातीच्या जाड थरांपर्यंत ते पोहोचणे शक्य नव्हते. विमानतळ १९९४ साली सुरू झाला, पण ते बेट आजही खचते आहे आणि २०१८ च्या सप्टेंबरमधील चक्रीवादळात धावपट्टीवर समुद्राचे पाणी आले. तुमच्या मुरुमाखाली पुन्हा चिकणमाती नाही ना, हे एखाद्या खोल बोअरने पाहावे.

उत्तर ३:
आपण लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून (उंची मोजण्याची स्थिर खूण) घेता? बऱ्याच खारबांधांवर सोयीसाठी उघाडीच्या (बांधातून पाणी सोडण्याच्या दाराच्या) काँक्रीट भिंतीवर खूण केलेली असते. उघाडी त्याच गाळावर टेकलेली असेल, तर तीही खचते आणि प्लेटची प्रत्येक नोंद तितकी कमी दिसते. उघाडी आणि बांध यांच्या सांध्यावर भेग दिसते का, तेही पाहावे. भरतीचे पाणी पहिल्यांदा तेथूनच शिरते.

प्रश्नकर्ता:
शंका खरी निघाली. खूण उघाडीच्या भिंतीवरच होती. काल टेकडीच्या कातळावरून लेव्हल आणली, तेव्हा ती भिंत ४ सेंटीमीटर खाली भरली, म्हणजे प्लेट प्रत्यक्षात ६२ सेंटीमीटर खचली आहे. सांध्यात बोट जाईल एवढी भेग आहे, ती आधी भरून घेत आहोत. पावसाळ्यापूर्वी दोन पिझोमीटर बसतील. तोपर्यंत माथ्यासाठी १.२५ मीटर (१.२० मीटर अधिक दुय्यम ५ सेंटीमीटर) धरतो. माथा मात्र एकदम वाढवणार नाही, कारण ३० सेंटीमीटर भराव म्हणजे चौरस मीटरला सुमारे अर्धा टन नवा भार, आणि त्याखाली गाळ पुन्हा दबणारच.