कोल्हापुरात फुटबॉलची एवढी ईर्ष्या का?

प्रश्न : मी पुण्याचा, नोकरीसाठी इथं आलोय. गहुंजेला क्रिकेट बघितलंय. तिथं विकेट पडली तरी निम्मे लोक सेल्फीत. शाहू स्टेडियमवर शेजारचे काका नव्वद मिनिटं उभेच! हे काय प्रकरण आहे?

उत्तर १ : भावा, आयपीएलचा खेळाडू लिलावात येतो. इथला गोलकीपर सकाळी दूध घ्यायला भेटतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही इथल्या फुटबॉल संघांची नावं तालमींची, म्हणजे मुळात कुस्तीची. मी शिवाजी पेठेतला, बायको मंगळवार पेठेतली. मॅचच्या दिवशी सासऱ्यांचा फोन मी उचलत नाही. खासबागेत हीच माणसं हरलेल्या पैलवानालाही बक्षीस देतात, फुटबॉलला मात्र माफी नाही. का, ते मलाही उमगलेलं नाही.

उत्तर २ : ईर्ष्या ठीक, पण बाटल्या फेकणं? पोराला घेऊन जायचं मी बंद केलं.

उत्तर १ : ते खरंय, लाज वाटते. पण २०१७ ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला उतरला, तेव्हा सासरे आमच्याकडं जेवायला होते. पेठेचा विषयच निघाला नाही.