सल्ला हवा: इंग्रजी क्रियापदानंतर ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ बसवायचं कुठे?

रिकामी_वही
मंडळी, इंग्रजी वाचायला मला अडचण येत नाही. बोलताना मात्र क्रियापद आठवतं आणि पुढे गाडं अडतं. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं, मग ‘टर्न ऑफ इट’ने काय घोडं मारलंय? ‘गिव्ह मी द बुक’ बरोबर, तर ‘एक्सप्लेन मी द रूल’ चूक कसं? शाळेतल्या व्याकरणात काळ, प्रयोग, डायरेक्ट-इनडायरेक्ट सगळं होतं, हे कुठे भेटल्याचं आठवत नाही. पुस्तक, कोश, सरावाची रीत, काहीही सुचवा. फक्त फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारख्या जोड-क्रियापदांची, भलीमोठी यादी पाठ करा असं सांगू नका.

सावकाश
यादी नकोच. यादीत ‘टर्न ऑफ म्हणजे बंद करणे’ एवढंच असतं. वस्तू कुठे बसते ते त्यात नसतं, आणि तुम्हाला हवंय तेच.

ऑफ, अप, आउट, अवे असले छोटे शब्द क्रियापदाशी एकजीव झालेले असतात, तेव्हा नाम मध्ये किंवा शेवटी कुठेही बसतं. सर्वनाम मात्र मध्येच. टर्न इट ऑफ, पिक हिम अप, थ्रो देम अवे. यामागे कारण आहे. इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार माहिती शेवटाकडे सरकते. ‘इट’ म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, तिला शेवटचा मान कसा मिळणार? उलट वस्तूचं वर्णन लांबलं की ती आपोआप शेवटी जाते. ‘थ्रो अवे ऑल द पेपर्स यू डोन्ट नीड’ म्हणतील, त्यात ‘अवे’ला शेवटपर्यंत लटकवून ठेवणार नाहीत.

पण ‘लुक फॉर इट’, ‘लुक आफ्टर हिम’, ‘वेट फॉर देम’ यांत मधला शब्द शब्दयोगी आहे, म्हणून सर्वनाम त्याच्यामागे. एकच शब्द दोन्ही कामं करतो तेव्हा खरी गंमत. ‘रॅन अप द हिल’ म्हणजे टेकडी धावत चढला, त्याचं सर्वनाम ‘रॅन अप इट’. ‘रॅन अप अ बिल’ म्हणजे बिल फुगवून ठेवलं, त्याचं ‘रॅन इट अप’.

यासाठी शिकणाऱ्यांचा कोश वापरा, ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स किंवा लाँगमनचा. दोन्ही जालावर फुकट बघता येतात. ‘टर्न समथिंग’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसला, की नाम दोन्हीकडे बसतं आणि सर्वनाम मध्ये. ‘लुक आफ्टर समबडी’मध्ये तो बाण नसतो. बहुतेक जण कोशातला फक्त अर्थ वाचून पान मिटतात, आणि हा बाण तिथेच राहतो.

तिरकी_रेघ
बाणाशी सहमत. त्या ऑक्सफर्ड कोशाचं मूळच असल्या गरजेत आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. क्रियापदानंतर काय येऊ शकतं याचे साचे देणारा त्यांचा कोश १९४२ साली तिथेच निघाला, तोच पुढे ऑक्सफर्डने काढला.

आता ‘एक्सप्लेन’. गिव्ह, सेंड, शो, टेल, लेंड ही जुनी, आखूड क्रियापदं. यांना माणूस आधी आणि वस्तू नंतर चालते. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट ही लॅटिन-फ्रेंचकडून आलेली लांब मंडळी, यांना माणसाआधी ‘टू’ लागतो: ‘एक्सप्लेन इट टू मी’. म्हणून ‘सजेस्ट मी अ बुक’ आपल्याकडे कितीही रुळलं असलं, तरी ‘सजेस्ट अ बुक’ किंवा सरळ ‘रेकमेंड अ बुक टू मी’ म्हणावं. ठोकताळाच आहे हा. ‘ऑफर’ लॅटिनकडचं असूनही माणूस आधी घेतं, ‘से’ अस्सल इंग्रजी असूनही घेत नाही. आणि दोन्ही सर्वनामं असतील तर ‘गिव्ह इट टू मी’ म्हणा. ‘गिव्ह मी इट’ ब्रिटनमध्ये ऐकू येतं, पण पहिलं कुठेही खटकत नाही.

उंबरठा
ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये शोधा. लोकांनी खरोखर लिहिलेल्या-बोललेल्या इंग्रजीचा सुमारे १० कोटी शब्दांचा साठा आहे. ‘डिस्कस अबाउट’ आणि नुसतं ‘डिस्कस’ शोधून आकडे बघा, वाद मिटतो.

सावकाश
@उंबरठा, वाद मिटवायला उत्तम, पण यांना बोलायचंय हो! तोंडातलं वाक्य अर्धवट ठेवून कॉर्पस कोण उघडणार?

नुसती_वाचक
कोणी न बोललेला मुद्दा. आपण कर्म सर्रास गाळतो. ‘वही आणलीस का?’, ‘आणली’. ‘आणली’तल्या ईकारानेच वही सांगितली, वेगळं ‘ती’ कशाला? इंग्रजीतलं ‘ब्रॉट’ वही असो की डबा, तसंच राहतं. म्हणून ‘आय ब्रॉट इट’ म्हणावंच लागतं. ‘आवडलं’चं ‘आय लाइक्ड इट’. ‘मजा आली’ला नुसतं ‘वी एन्जॉइड’ अपुरं, ‘वी एन्जॉइड इट’ किंवा ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’. सगळीकडे ‘इट’ ठोकायचा नाही हेही लक्षात ठेवा. ‘आय नो’, ‘आय फरगॉट’, ‘आय अंडरस्टँड’ एकटे उभे राहतात.

दुसरं, ‘त्याने यावं असं मला वाटतं’वरून ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ तयार होतं. ‘वॉन्ट’ला थेट माणूस द्यायचा: ‘आय वॉन्ट हिम टू कम’. ‘मेक’ आणि ‘लेट’ला तो ‘टू’ही नको: ‘लेट हिम कम’.

रिकामी_वही
वा, एवढं एका दिवसात मिळेल वाटलं नव्हतं. पण बाण कोशात दिसणार. समोरचा बोलत असताना ‘अप’ कुठल्या जातीचा ते कसं ओळखू?

सावकाश
आघात ऐका. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक फॉर इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘फॉर’ जेमतेम ऐकू येतो. इंग्रजी मालिका बघत असाल, तर एकेक प्रसंग एवढ्यासाठी परत ऐका.

तिरकी_रेघ
आणि वहीत क्रियापद एकटं लिहू नका. ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक आफ्टर हिम’, ‘एक्सप्लेन इट टू देम’, असं सर्वनामासकट लिहा. सर्वनाम बरोबर बसलं की नामाची काळजी नाही, उलटं मात्र होत नाही. लेखी सराव हवा असेल तर रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ घ्या. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर प्रश्न. फ्रेजल व्हर्ब शेवटाकडे आहेत, थेट तिथूनच सुरू केलंत तरी चालेल.

रिकामी_वही
घेते. आधी जुन्या वहीतली क्रियापदं सर्वनामं लावून पुन्हा लिहिते. अडले तर इथेच विचारेन.