पातळ पुस्तकं आणि आकड्यांचा खेळ

वर्षाला 52 पुस्तकं वाचायचा आकडा गाठायला लोक डिसेंबरात सोप्या म्हणून पातळ कादंबऱ्या उरकतात, असं म्हणतात ते खरंच आहे. मीही तेच केलं. 43 वर अडकले होते, म्हणून कपाटातली सगळ्यात बारीक म्हणून विश्राम बेडेकरांची 'रणांगण' काढली. दोन दिवसांत संपेल असा हिशोब. संपलीही, पण पुढचे दहा दिवस दुसरं काही हातात धरवेना आणि आकडा बोंबलला तो बोंबललाच. तेव्हा पातळ म्हणजे सोपी, हे मात्र मला पटत नाही.

एक गोष्ट वाचताना मला कळत नव्हती. कादंबरीतल्या बोटीवरचे, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू थेट शांघायच्या दिशेने का निघालेत? नंतर शोधलं तेव्हा समजलं, की 1938-39 मध्ये बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती आणि शांघायमध्ये मात्र व्हिसाशिवाय उतरता येत होतं. ऑगस्ट 1939 मध्ये तिथेही निर्बंध आले. इटलीहून सुटणाऱ्या बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो करत तिकडे जायच्या. म्हणजे कादंबरीचा नायक चक्रधर मुंबईला घरी उतरतो आणि त्याच्या प्रेमात पडलेल्या ज्यू हेर्टाला तोच धक्का नुसता बोटीच्या कठड्यावरून बघायचा. हे कळल्यावर मी शेवटची पानं पुन्हा वाचली. (दोनदा वाचली म्हणून यादीत दोन धरावीत काय?) कादंबरी 1939 चीच, म्हणजे बेडेकरांनी हे सगळं घडत असतानाच लिहिलंय.