कर्नल मॉड्यूलमधली सगळी ॲलॉक फंक्शन्स एकाच रॅपरमागे घ्यावीत का?

बिटवाला
लिनक्ससाठीचं एक जुनं मॉड्यूल माझ्याकडे आलंय. मेमरी मागायला केमॅलॉक, केझॅलॉक, व्हीमॅलॉक, केमेम_कॅश_ॲलॉक, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने वापरलंय. आता एकच फंक्शन करायचं म्हणतोय, त्याला फक्त साइज द्यायची. जीएफपी_ॲटॉमिक (न झोपता मेमरी मागणं) की जीएफपी_कर्नल (गरज पडली तर झोपून थांबणं) ते आत इन_ॲटॉमिक() बघून ठरेल, साइज मोठी असेल तर व्हीमॅलॉक. सोडायलाही एकच फंक्शन. काही धोका?

जुनापॅच
आहे, आणि तो इन_ॲटॉमिक()मध्येच आहे. ते प्रीएम्प्ट काउंट, म्हणजे आत्ता हा थ्रेड बाजूला सारायचा नाही याची नोंद ठेवणारा आकडा, बघून उत्तर देतं. ज्या बिल्डमध्ये प्रीएम्प्ट_काउंट हा पर्याय बंद आहे, तिथे स्पिनलॉक (जो हातात असताना झोपायचं नसतं) घेतला तरी हा काउंट वाढत नाही. लॉक तुमच्या हातात, रॅपरला मात्र सगळं मोकळं दिसतं, आणि ते जीएफपी_कर्नलने मेमरी मागतं. मेमरी मुबलक आहे तोवर सगळं सुरळीत. ती कमी पडली की रीक्लेम (वापरातली मेमरी परत मिळवणं) सुरू होतं, थ्रेड लॉकसकट झोपतो आणि त्याच लॉकसाठी थांबलेले कोअर जागेवर फिरत बसतात. वर पंचाईत अशी की डीबग_ॲटॉमिक_स्लीप (चुकीच्या जागी झोपलं तर इशारा देणारा पर्याय) लावलं की प्रीएम्प्ट काउंटही आपोआप चालू होतो. म्हणजे डीबग बिल्डमध्ये हे रॅपर अगदी शहाण्यासारखं वागणार!

इथे झोपलं तर चालेल का, हे कॉल करणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो फ्लॅग त्यालाच लिहू द्या. कृपा करून हा एक आर्ग्युमेंट लपवू नका.

मोठ्या साइजसाठी स्वतःचं काही लिहायची गरज नाही. 2017 च्या लिनक्स 4.12 पासून केव्हीमॅलॉक आहे: आधी केमॅलॉक करून बघतं, नाही जमलं तर व्हीमॅलॉक. केव्हीफ्री दोन्ही सोडतं. डीएमएचे बफर (जे हार्डवेअर थेट वाचतं-लिहितं) तेवढे त्यात घालू नका, व्हीमॅलॉकची पानं फिजिकल मेमरीत सलग असतीलच असं नाही.

आणि एन गुणिले साइझऑफ दिसेल तिथे आधी केकॅलॉक घाला, ते गुणाकार स्वतः तपासतं. 32 बिटवर 26,84,35,457 गुणिले 16 केलं की ओव्हरफ्लो होऊन 16 उरतात. हातात सोळा बाइट, आणि लूप पुढे लिहितच सुटतो. केकॅलॉक अशा वेळी सरळ नल देतं.

बिटवाला
इन_ॲटॉमिक() काढून टाकतो. केमेम_कॅश_ॲलॉकने घेतलेलं केफ्रीने सोडलं तर? एकाच लिस्टमध्ये दोन्ही प्रकारचे ऑब्जेक्ट आहेत.

पानमोजणी
6.4 पासून बिनधास्त सोडा. त्याआधी कर्नलमध्ये स्लॉब हा मेमरी वाटणारा भागही होता. तो केमॅलॉकच्या ब्लॉकची साइज ब्लॉकच्या अलीकडे हेडरमध्ये ठेवायचा. कॅशच्या (केमेम_कॅश_ॲलॉकने घेतलेल्या) ऑब्जेक्टला ते हेडरच नसायचं, त्यामुळे केफ्रीने भलतेच बाइट साइज म्हणून वाचले असते. 2023 मध्ये स्लॉब काढला, पुढे 6.8 मध्ये स्लॅबही गेला, आता फक्त स्लब. मला हे सोपं करणं मनापासून आवडलं, कारण कोणाच्याही कोडला हात न लावता एक अट गळून पडली. तुमचं मॉड्यूल 5.15 किंवा 6.1 वरही चालणार असेल, तर मात्र त्या लिस्टचे दोन भाग करा आणि कॅशवाल्यांना केमेम_कॅश_फ्रीच ठेवा.